फी भरण्याआधी शाळा बघा

स्पेशल बी.एड.ला प्रवेश घेऊ का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: कॉलेजची सरावशाळा बघितलीत का?

आमच्या कॉलेजला सरावशाळा होती, पण तिथे दोन कॉलेजांच्या बॅच एकाच वेळी यायच्या. वर्गात मुलं कमी, आम्हीच जास्त. एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून निरीक्षणवह्या भरायच्या. केस स्टडी जुन्या फायलींवरून उतरवून घेतल्या जात आणि त्यावर सह्याही होत. मार्क सगळ्यांना छान पडले. दोन वर्षांत एका मुलासोबत सलग महिनाभर काम करायला मात्र कुणालाच मिळालं नाही.

नोकरीत पहिल्याच वर्गात बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा होता. त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवायची होती. कृतीचे टप्पे पाडायचे, शेवटच्या टप्प्यापासून शिकवायचं, हे परीक्षेत लिहिलेलं होतं. ते करतात कसं, हे दाखवलं शाळेतल्या जुन्या बाईंनी. वरची सगळी बटणं त्यांनी स्वतः लावली, शेवटचं काजातून अर्धं बाहेर काढून ठेवलं आणि त्याचं बोट तिथे टेकवलं. त्याने ओढलं. शर्ट पूर्ण झाला, तोही त्याच्या हाताने! ते जमेपर्यंत बाई त्याच्या वरच्या बटणाकडे वळल्या नाहीत. कुठे हात धरायचा, कुठे सोडायचा, किती थांबायचं, हे मुलांजवळ बसूनच कळतं. आणि जे आम्हाला कळत नाही, त्याचा भार मूल सोसतं.

म्हणून सरावशाळेत एक पूर्ण दिवस जाऊन बसा. डबा खाण्याची वेळ चुकवू नका. शिक्षक मुलांना स्वतः खायला शिकवतात की उरकून टाकतात, ते तिथे दिसतं.

कॉलेजच्या मान्यतेची खात्री स्वतः करा. भारतीय पुनर्वास परिषद मान्यता देते ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक मुदतीसाठी. दारावरची पाटी जुनी असू शकते. परिषदेच्या संकेतस्थळावर आपलं वर्ष आणि आपला विषय तपासा. पुढे सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, मिळणं त्यावरच अवलंबून आहे, आणि नोंदणीशिवाय हे काम करणं परिषदेच्या 1992च्या कायद्याने गुन्हा आहे.

श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, यांतला विषय निवडताना जागा कुठे रिकामी आहे एवढंच बघू नका. ब्रेल आणि खुणांची भाषा शिकणं म्हणजे दोन निराळे व्यवसाय शिकण्यासारखं आहे. शिवाय 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. सर्वसाधारण शाळेत नेमणूक झाली तर त्यांतलं कुठलंही मूल तुमच्यासमोर येईल.

नोकऱ्या भरपूर, असं कॉलेजवाले सांगतील. प्राथमिक स्तरावर दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे प्रमाण केंद्र सरकारने 2022मध्ये अधिसूचित केलं, हे खरं. पण गरज असणं वेगळं आणि कायम पद मंजूर होणं वेगळं. कितीतरी विशेष शिक्षकांची वर्षं करारावर गेली आहेत. मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना पगार विचारा, संकोच करू नका.

आणि आधीच सराव न देणाऱ्या कॉलेजात अडकला असाल, तर जवळच्या विशेष शाळेत दर शनिवारी जायची परवानगी मागा. एकच मूल घ्या, त्याच्या आईशी बोला, प्रत्येक भेटीची नोंद ठेवा आणि वर्षभर तेच मूल सोडू नका.