ग्रामसभा : मतदारांचा हक्क

भोर शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. तेथे नागरिकांच्या वतीने नगरसेवक बोलतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ खेड्यांत मात्र प्रत्येक मतदार स्वतःच ग्रामसभेचा सदस्य असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. नियमित सभेपूर्वी महिला मतदारांची स्वतंत्र सभा आवश्यक आहे. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. मात्र गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा ही अट राहत नाही. मोजके ग्रामस्थही निर्णय घेऊ शकतात. म्हणून सूचनेतील तारीख ध्यानात ठेवून, शेतीच्या कामांतून सवड काढून सभेस जाणे अगत्याचे आहे. पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांविषयीचे निर्णय गैरहजर मतदारासाठी थांबत नाहीत.