परक्या कोळ्याचा परवाना

परक्यास स्वकीयाप्रमाणें वागवावें, अशी लेवीय १९:३४ येथें आज्ञा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेचें चौथें कलमही एका संस्थानाच्या नागरिकास दुसऱ्या संस्थानांत तेथील नागरिकांचे हक्क देतें. तरी साउथ कॅरोलिना संस्थान कोळंबी धरणाऱ्या स्वकीयाच्या नावेस २५ डॉलर व परक्याच्या नावेस २,५०० डॉलर, म्हणजे शंभरपट, परवाना-फी लावी! शेजारच्या जॉर्जियांतील पांच कोळ्यांनीं फिर्याद केली. कोळंबीच्या रक्षणासाठीं ही फी आहे, हें संस्थानाचें म्हणणें सुप्रीम कोर्टानें १९४८ सालीं मानिलें नाहीं; परक्यांमुळें पडणारा जादा खर्च घ्यावा, पण ही तर बंदीच होय. उलट १९७८ सालीं माँटाना संस्थानानें परक्या शिकाऱ्यांवर लाविलेली जबर फी त्याच कोर्टानें चालूं दिली. कारण ती शिकार करमणुकीची, पोटाचा धंदा नव्हे. हा भेद आम्हांस रास्त वाटतो.