सुरक्षिततेचा भाव : गिरणगावातील घरे आणि शेजार
(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. परंतु निवारा म्हणजे केवळ चार भिंती आणि वर छप्पर नव्हे. ज्या घरात रात्री निर्धास्त झोप लागते, ज्या गल्लीतून मुलीला एकटीने येता येते, तोच खरा निवारा. म्हणजेच सुरक्षितता हा निवाऱ्याचाच एक भाग आहे. आज मुंबईत या सुरक्षिततेलाही चौरस फुटाप्रमाणे भाव आला आहे. लालबाग-परळ भागात नव्या इमारतींच्या जाहिराती पाहिल्या, तर पोहण्याच्या तलावाच्या बरोबरीने ‘चोवीस तास सुरक्षा’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. घरांच्या किमती वाढल्या म्हणजे वस्ती सुरक्षित होते काय, आणि होत असेल तर ती कोणासाठी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी याच भागातील एका चाळीत जन्मले व वाढले. त्यामुळे पुस्तकातील माहितीबरोबर घरातील अनुभवही सांगणे मला योग्य वाटते.

गिरणगावाची जडणघडण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांसाठी त्यांच्या आसपास चाळी उभ्या राहिल्या. भोंग्यावर उठायचे, पाळीवर जायचे आणि दहा बाय बाराच्या खोलीत आळीपाळीने झोपायचे, असे ते जीवन होते. माझे आजोबा साचाखात्यात कामाला होते. ते गावाहून आले तेव्हा एका खोलीत गावातलीच अकरा माणसे राहत, असे आजी सांगते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुष्कळ गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी तेवढ्या उरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ही जमीन विकसित करण्यास वाट करून दिली. त्यात साधारणपणे एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असे सूत्र होते. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही विभागणी ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते तेवढ्यापुरतीच उरली. साहजिकच लोकांच्या वाट्याची जागा फार कमी झाली. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल लोकांच्या बाजूने लागला होता, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि २००१ चा बदल कायम ठेवला. जेथे साचे होते तेथे मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा अर्ज दीड लाखाच्या घरात होते. आमचा अर्ज त्यांतच होता. नंबर लागला नाही.

श्रमिकांच्या वस्तीत पैसेवाले लोक येऊन तिचे रूप बदलते आणि मूळचे रहिवासी बाहेर फेकले जातात, या प्रक्रियेला समाजशास्त्रात ‘जेन्ट्रिफिकेशन’ म्हणतात. रूथ ग्लास या विदुषीने लंडनच्या अभ्यासात १९६४ मध्ये हा शब्द प्रथम वापरला. एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की बहुतेक कामगार कुटुंबे हलेपर्यंत ती थांबत नाही, असे तिचे निरीक्षण होते. वर्गात सर हे शिकवीत होते, तेव्हा ते आमच्याच गल्लीविषयी बोलत आहेत असे मला वाटले.

किमतीचे गणित

आमच्या भागात नव्या घराचा भाव चौरस फुटाला चाळीस हजार रुपये धरला, तर तो फारसा चुकीचा होणार नाही. या हिशेबाने ३०० चौरस फुटांच्या लहानशा घराची किंमत १ कोटी २० लाख रुपये होते. महिना २० हजार रुपये मिळविणाऱ्या माणसाने एक पैसाही खर्च न करता सारा पगार साठविला, तरी त्याला ६०० महिने, म्हणजे ५० वर्षे लागतील. माझ्या चुलतभावाचे लग्न झाले तेव्हा त्याने बदलापूरला घर घेतले. त्याला लालबाग आवडत नव्हते असे नाही. त्याच्या पगारात जेवढे दूर जावे लागले, तेवढे तो गेला.

दुसऱ्या बाजूला चाळीचे भाडे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १९४० च्या पातळीवर गोठविले. या कायद्यामुळे आमच्यासारख्या हजारो कुटुंबांना मुंबईत राहता आले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु एवढ्या भाड्यात डागडुजी परवडत नाही म्हणून मालकाने चाळीकडे पाठ फिरविली, हेही खरे आहे. १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींवर उपकर बसवून सरकारी मंडळाने दुरुस्ती करावी अशी व्यवस्था झाली. तरी इमारती जुन्या होतच गेल्या. आमच्या जिन्याखाली तीन वर्षांपासून लाकडी टेकू लावलेले आहेत. म्हणजे एकाच रस्त्यावर चौरस फुटाला चाळीस हजारांचे घर आहे आणि टेकूवर उभे असलेले घरही आहे.

सुरक्षिततेचे दोन प्रकार

माझ्या मते सुरक्षितता दोन प्रकारची असते. एक माणसे मिळून निर्माण करतात आणि दुसरी विकत घ्यावी लागते.

पहिल्या प्रकाराविषयी जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर लिहिले आहे. रस्ता सुरक्षित राहतो तो एकट्या पोलिसामुळे नव्हे. खिडकीत बसलेल्या, दुकान चालविणाऱ्या, येता-जाता पाहणाऱ्या माणसांच्या नजरेमुळे तो सुरक्षित राहतो, असे तिचे प्रतिपादन आहे. आमच्या आजीने हा ग्रंथ वाचलेला नाही, पण गॅलरीत तांदूळ निवडत बसून ती तेच काम गेली पन्नास वर्षे करीत आहे. मी रात्री दहा वाजता चिंचपोकळी स्टेशनवरून घरी येते. वाटेत वडापावची गाडी, पिठाची गिरणी आणि दिव्याखाली कॅरम खेळणारी मुले असतात. उशीर झाला तर ‘आज का ग उशीर?’ म्हणून दोघे-तिघे तरी विचारतात. लहानपणी मला याचा राग येत असे. पुढे नव्या इमारतीची लांबच लांब भिंत लागते. त्या भिंतीला दार नाही, दुकान नाही, आत गाड्या ठेवण्याचे मजले आहेत. वर कॅमेरे बसविलेले आहेत. कॅमेऱ्यात चित्र उमटते हे खरे, पण हाक मारली तर धावून कोण येणार? तेवढ्या शंभर पावलांवर माझी चाल आपोआप भरभर होते.

मात्र चाळीचे केवळ गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संपानंतर घरोघरी बेकारी आली आणि काही तरुण मुले टोळ्यांच्या आश्रयाला गेली. जमिनींना भाव आला तसे खूनही पडू लागले. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ खून झाला आणि १९९७ च्या जानेवारीत डॉ. सामंत यांची हत्या झाली. त्या दिवसांत संध्याकाळी दारे लवकर बंद होत, असे वडील सांगतात. आज ते भय उरलेले नाही आणि त्याचे श्रेय काहीजण उंच इमारतींना देतात. परंतु टोळीयुद्धे पुढे साऱ्या मुंबईतच ओसरली, ज्या वस्त्यांत एकही उंच इमारत आली नाही तेथेही ओसरली. तेव्हा हे श्रेय घरांच्या किमतींना देता येणार नाही.

शिवाय चाळीतील सर्वच नजरा रखवालीच्या नसतात. काही नुसत्या चौकशीच्या असतात, आणि त्यांचा जाच मुलींनाच अधिक होतो. रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जाताना मी आजही आईला उठवते. तेथील दिवा महिन्यातून पंधरा दिवस बंद असतो.

दुसऱ्या प्रकारच्या सुरक्षिततेची मला घरातूनच ओळख आहे. आजोबा ज्या गिरणीत साचे चालवीत, तिच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकावर माझे वडील रात्रपाळीचे वॉचमन आहेत. आत येणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे, वर फोन करून विचारायचे आणि मगच सोडायचे, हे त्यांचे काम. ‘तिथले लोक चांगले आहेत, पण चौदाव्या मजल्यावरच्याला पंधराव्यावरचा माहीत नाही,’ असे ते म्हणतात. ज्यांची ते राखण करतात, त्यांच्या घराला टेकू नाही. राखण करणाऱ्याच्या घराला आहे.

२०१७ सालचा धडा

२०१७ या एकाच वर्षातील तीन घटना या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ३१ ऑगस्ट रोजी भेंडी बाजारातील हुसैनी ही जुनी इमारत कोसळून ३३ माणसे मेली. २९ सप्टेंबर रोजी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर पावसामुळे गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. २९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला.

पहिल्या घटनेत जुन्या घराची हयगय दिसते. दुसरीत कचेऱ्या वाढल्या, येणारी माणसे वाढली, पण पूल मात्र अरुंदच राहिला. तिसरीत तर बळी पडले ते महागड्या ठिकाणी आनंदाने जमलेले लोक होते. म्हणजे भाव वाढल्याने गरीब सुरक्षित झाला नाही आणि श्रीमंतही पुरता झाला नाही. फाटकावर चोर अडविता येतो, परंतु आग, पडका पूल आणि मोडकळीस आलेला जिना यांना वॉचमन अडवू शकत नाही. त्यासाठी नियम, तपासणी आणि सार्वजनिक खर्च यांचीच गरज असते.

आमच्या चाळीपुढील प्रश्न

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. येत्या मे महिन्यात सभा आहे आणि प्रत्येक कुटुंबाने संमती द्यावयाची की नाही ते ठरवावयाचे आहे. आमच्या घरात रोज रात्री हाच विषय निघतो. आईला घरात संडास हवा आहे, आणि आजीच्या गुडघ्यांकडे पाहिले की तिचे म्हणणे पटते. वडिलांना काळजी आहे ती बाहेर राहण्याच्या वर्षांची. बिल्डरने काम अर्धवट टाकल्यामुळे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात वा भाड्याच्या घरात अडकलेली कुटुंबे मुंबईत थोडी नाहीत. नवीन घर मिळाले तरी लिफ्ट, पंप आणि साफसफाई यांचा मासिक खर्च वॉचमनच्या पगारातून कसा भागणार, हाही प्रश्न आहे. तो न भागल्यामुळे घर विकून दूर गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आजीने एकच विचारले, ‘शेजारी कोण येणार?’ त्याचे उत्तर बिल्डरच्या पत्रकात नव्हते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बी.डी.डी. चाळींपैकी पहिल्या तीन ठिकाणी म्हाडाने पुनर्विकास हाती घेतला आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, त्याच जागी, अशी ती योजना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. कामगाराला त्याच्या जागेवर पक्के घर देणे अशक्य नाही, हे यावरून दिसते. पुढील खर्चाची सोय झाली तर तो तेथे टिकेलही.

समारोप

जेन जेकब्जने न्यूयॉर्कच्या ज्या हडसन रस्त्यावर राहून शेजाऱ्यांच्या रखवालीचे वर्णन केले, तेथील घरे आज सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. शेजाऱ्यांनी जपलेली वस्ती मोलाची ठरते आणि मोल वाढले की शेजाऱ्यांनाच ती सोडावी लागते, असा हा उलटा व्यवहार आहे. आमच्या गिरणगावातही तोच चालू आहे. भाव जमिनीचा सांगितला जातो, पण त्यात शेजाराचा वाटाही असतो आणि तो शेजाऱ्याला मिळत नाही.

म्हणून पुनर्विकासाला सरसकट विरोध करणे मला योग्य वाटत नाही, आणि मिळेल त्या अटीवर सही करणेही योग्य वाटत नाही. नवे घर होईपर्यंत जुन्या जिन्याची दुरुस्ती थांबवू नये. शेजारच्या कुटुंबांना शक्यतो एकाच मजल्यावर घरे द्यावीत. रस्त्याच्या बाजूला आंधळी भिंत न बांधता दुकाने ठेवावीत. मासिक खर्चासाठी पुरेसा कॉर्पस फंड लेखी करारात घ्यावा. आणि नवीन इमारतीला परवानगी देण्यापूर्वी स्टेशनचा पूल किती माणसे पेलतो, हे पाहावे. यातील पहिल्या चार मागण्या मी कागदावर लिहून वडिलांना दिल्या आहेत. आमच्या घरात करार वाचू शकणारी मी पहिलीच आहे, तेव्हा सभेला तूही चल, असे ते म्हणाले आहेत. त्या रात्री ते रजा घेणार आहेत.