पाहुणा ओसरीवर बरा

पोरी, म्युनिकजवळ गार्चिंगला, आस्डेक्स अपग्रेड या संलयन यंत्रावर निघालीस हे ऐकलं. स्वेटरचं तुझी आई बघेल, मी उष्णतेचं सांगते. यातली एकेक चूक मी स्वतः करून बसले आहे, तेव्हा लाजू नकोस.

1. आधी एक आकडा पाठ कर. ईटर या संलयन यंत्राच्या डायव्हर्टरने, म्हणजे प्लाझ्मातून निघालेली उष्णता झेलणाऱ्या पट्टीने, चौरस मीटरला 10 मेगावॉट सतत सोसायचे आहेत — सूर्याच्या पृष्ठभागातून निघतं त्याच्या साधारण सहावा हिस्सा झाला हा, आणि तो वाहून आणणारा थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा.

2. उष्णता भिंतीला टेकण्याआधीच तिचा उजेड करून टाकावा — नायट्रोजन, निऑन किंवा आर्गॉन चिमूटभर सोडला की कडेच्या गार प्लाझ्मात तो चमकतो, आणि एका पट्टीवर ओतला जाणारा ताप चहूकडे वाटला जातो. वाटून घेतला तर चटकाही ऊब होतो.

3. पाहुणा ओसरीवर बरा, माजघरात जड — तोच वायू गाभ्यात शिरला की चूलच विझवतो. भिंतीवरून सुटणारं टंगस्टन तर कोट्यवधी अंशांतही आपले काही इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून लाखात थोडे अणू साचले तरी काळजी करायची.

4. ते साचतंय असं वाटलं तर मधोमध मायक्रोवेव्हची ऊब दे — मध्य गरम राहिला की जड मंडळी तिथे ठाण मांडत नाहीत.

5. व्हॉल्व्ह उघडल्यापासून वायू प्लाझ्मापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते स्वतः मोज. दुसऱ्याच्या वहीतला आकडा घेऊ नकोस — नळ फिरवला म्हणजे बादली भरली असं नव्हे.

याचं सविस्तर सांगते, कारण माझी खोड तिथेच मोडली. मी पुढच्या शॉटसाठी, म्हणजे प्लाझ्माच्या पुढच्या खेपेसाठी, वायूचा वेळ बेतत होते. आधीच्या शॉटमध्ये, उत्सर्जन मोजणाऱ्या बोलोमीटरची रेषा ठरल्या वेळी हलली नव्हती, म्हणून मी दुसरा झोत लावून दिला. पहिला झोत नळीतून सावकाश येत होता, एवढंच. पुढच्या शॉटला दोन्ही एकदम पोचले. रेषा उभी चढली, प्लाझ्मा गार पडला, विद्युतप्रवाहाचा आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली आला, आणि पायाखालची जमीन धप्प वाजली. कोणी रागावलं नाही. नुसता चहा आणून ठेवला. ते जास्त लागलं.

6. प्रत्येक शॉटआधी मागच्या शॉटमध्ये काय सोडलं ते वाच — नायट्रोजन भिंतीत मुरतो, आणि कालचं मीठ आजच्या आमटीत उतरतं. शिवाय हायड्रोजनशी जुळून तो अमोनिया करतो. ट्रिटियम वापरणाऱ्या मशीनला ही मोठी डोकेदुखी.

7. बोलोमीटरचं ऐक, पण एकट्या त्याचंच नको — तो पातळ पत्रा किती तापला तेवढंच सांगतो. त्याला प्रकाशाने तापवलं की येऊन आपटलेल्या उदासीन अणूंनी, हे त्याच्या गावीही नसतं.

8. मशीन उघडलं की टाइलच्या कडांवरून नजर फिरव — वर आलेली फरशी पहिली भाजते. 2013 साली जेट या यंत्रावर टंगस्टनची एक पट्टी मुद्दाम शेजारणीपेक्षा उंच ठेवली होती. टंगस्टनला वितळायला 3,422 अंश लागतात, तरी तिची कड वितळली.

9. डायव्हर्टर गार झाला म्हणून हुरळून आणखी वायू सोडू नकोस — चमकणारा पट्टा एक्स पॉइंटच्या, म्हणजे चुंबकीय कुंपणाच्या चौफुलीच्या, वर सरकत गेला तर गाभ्याच्या दारात उभा राहतो. तुमच्याकडची मंडळी मात्र नायट्रोजन कमी-जास्त करून तो हव्या त्या उंचीवर धरून दाखवतात. मला त्यांचा अजून हेवा वाटतो. त्यांच्या शेजारी बसायला जागा मिळाली तर सोडू नकोस.

10. व्हॉल्व्हचा वेळ मोजलास की आकडा कळव — माझ्या नळीने किती वेळ घेतला होता, ते तेव्हाच सांगेन.

तुझी मावशी