एंग्लंड गॅम्बिट : खेळावा कसा, मोडावा कसा?

मागच्या महिन्यात तालुका स्पर्धेतून आमची सातवीतली एक मुलगी आठव्याच चालीला मात खाऊन परत आली. रडली नाही. "सर, मी चुकले कुठे तेच कळलं नाही," एवढंच म्हणाली. दोन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा आहे आणि तोच मुलगा तिथेही येणार आहे. तेव्हा आजचा पाठ तिच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही. समोर पट मांडा, नुसतं वाचू नका.

पांढरा डी४ खेळला की काळा लगेच ई५ प्यादे पुढे करतो. फुकटचं प्यादं! पांढरा ते मारतो. काळा घोडा सी६ वर, पांढरा घोडा एफ३ वर, मग काळा वजीर ई७ वर. ई५ च्या प्याद्यावर आता दोघांचा डोळा आहे. ते वाचवायला पांढरा उंट एफ४ वर आणतो. इथूनच गंमत सुरू होते.

काळा वजीर बी४ वर जाऊन शह देतो. शहाबरोबर एफ४ चा उंट आणि बी२ चं प्यादंही माऱ्यात येतं. पांढरा उंट डी२ वर मागे घेतो, वजीर बी२ चं प्यादं खातो आणि ए१ च्या हत्तीवर नजर ठेवतो. आता सहावी चाल. आपली मुलगी उंट सी३ वर खेळली. वजिरावर हल्ला, हत्तीचाही बचाव. कुणालाही हीच चाल सुचेल! पण काळा उंट बी४ वर येतो आणि सी३ चा उंट राजासमोर बांधला जातो, त्याला वजीर मारता येत नाही. तिने वजीर डी२ वर आणला, काळ्याने सी३ चा उंट मारला, तिने वजिराने परत मारलं आणि काळा वजीर सी१ वर. मात!

मग करायचं काय? सहाव्या चालीला उंट नाही, घोडा सी३ वर काढा. बी१ चं घर रिकामं झालं की डी१ चा वजीर सरळ ए१ च्या हत्तीला राखतो. काळा उंट बी४ वर आला तर हत्ती बी१ वर, वजीर ए३ ला पळेल. हत्ती बी३ वर, वजीर ए५ ला. मग आरामात ई४ खेळा. तुमची मोहरी बाहेर आलेली, त्याचा वजीर मात्र पाच वेळा हललेला. एवढं पाठ होत नसेल तर चौथ्या चालीलाच एफ४ चा उंट विसरा, घोडा सी३ वर काढा. काळा ई५ चं प्यादं परत घेईल, घेऊ दे. ई४ खेळलात की डाव तुमचाच सरस.

स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लंड यांचं नाव या सुरुवातीला आहे. १९३२ साली त्यांनी तिच्यावरच एक स्पर्धा भरवली होती. काळ्याकडून खेळायचा मोह होणारच. पाच मिनिटांच्या डावात मजेसाठी जरूर खेळा. मोठ्या डावात, माझ्या मते, नकोच. समोरच्याला घोड्याची चाल ठाऊक असली की तुमच्या हाती काही उरत नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं रोज हा डाव मांडतो. सहाव्या चालीला तिचा हात अजूनही आधी उंटाकडे जातो. काल मात्र मध्येच थांबला.