रंगाखालचं घर

चि. बाळ यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फ्लॅटचे फोटो मिळाले. पांढऱ्या भिंती, हॉलला पीओपीचं सिलिंग, स्वयंपाकघरात नवा ओटा, बाथरूमला छतापर्यंत टाइल्स. मालक ‘पूर्ण रिनोव्हेट केलाय’ म्हणतो आणि त्यासाठी शेजारच्या फ्लॅटपेक्षा जास्त भाडं मागतो. तुला घर आवडलंय, तुझ्या आईला वस्ती आवडलेली नाही. ‘जालन्याच्या कादराबादेत सगळ्या प्रकारचे लोक राहतात, तिथं एकटा पोरगा कसा राहील,’ असं ती मला म्हणाली. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. वस्तीची काळजी करू नकोस, काळजी कर त्या नव्या रंगाची.

बांधकामांवर देखरेख करण्यात माझी उमर गेली. जुन्या इमारतीला नवेपणा आणणं किती स्वस्तात होतं ते मला माहीत आहे. ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसीचं पॅनल ठोकलं की ओल दिसत नाही, पण ती आत वाढतच राहते. म्हणून पॅनलच्या खालच्या कडेला नाक लाव, कुबट वास आला की समजायचं. कपाटामागच्या भिंतीवर तळहात फिरव. पिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागली तर भिंतीला लोणा लागलाय, आणि तो रंगानं जात नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यांकडे नीट बघ. गिलाव्याला पडलेली केसासारखी बारीक रेघ मनावर घेऊ नको. पण कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नाण्याची कड आत जाईल एवढी भेग असेल तर ती पायाची तक्रार असू शकते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया त्या मातीच्या खाली घट्ट जमिनीपर्यंत नेलेला नसला की भिंती दर वर्षी हलतात. अशी भेग लांबीनं बुजवून वर रंग मारला, तरी पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडते.

तुझा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. पीओपीच्या वर काय आहे ते खालून कळत नाही. तेव्हा गच्चीवर जा. पाणी तुंबल्याचे काळे डाग, उखडलेलं वॉटरप्रूफिंग, टाकीची गळती, हे सगळं तिथं उघडं दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत निवत नाही. कूलर कुठं बसेल आणि त्याला पाणी कुठून देशील, हे आत्ताच बघून ठेव.

लाइटचंही तसंच. बटणं नवी आणि वायर जुनी, हा प्रकार मी फार घरांत बघितलाय. गिझरला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आहे का, अर्थिंग आहे का, हे ओळखीच्या वायरमनकडून तपासून घे. त्याची मजुरी तू दे, मालकाकडं मागत बसू नको. महावितरणचं मीटर स्वतंत्र आहे ना, मागची थकबाकी नाही ना, हे शेवटचं बिल हातात घेऊन बघ.

आता पाणी. जालन्यात घर बघणाऱ्यानं पहिला प्रश्न पाण्याचाच विचारायचा. नव्या जालन्याला घाणेवाडीच्या निजामकालीन तलावाचा आधार, जुन्या जालन्याला जायकवाडीच्या पाण्याचा. पण नळ रोज येत नाही. 2012-13 च्या दुष्काळात या शहरानं टँकरवर दिवस काढले. ज्यांनी ते बघितलंय त्यांच्या घरात टाकी अजून गरजेपेक्षा मोठी असते. म्हणून मालकाला ‘पाणी येतं का?’ असं विचारू नको, तो ‘येतं’च म्हणेल. कितव्या दिवशी येतं, किती वाजता, किती वेळ, टाकी किती लिटरची आणि किती कुटुंबांत, हे विचार. तेही मालकाला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंना. बोअर असेल तर नळाच्या तोंडाला पांढरा थर साचलाय का बघ. पाणी जड असेल तर नवी चकचकीत फिटिंग वर्षभरात निकामी होते, आणि तिचा खर्च तुझ्या डिपॉझिटमधून कापायला मालक टपलेला असतो.

एवढं बघून घर पटलं तर कागदाकडं वळ. स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, झालं, असं तुला एजंट सांगेल. त्यात तथ्य नाही. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. अशा लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, म्हणजे दोघांत वाटून घेतलं तर कुणालाच जड नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर कलम 24 प्रमाणं दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. मालकाकडून कायदा पाळून घ्यायचा तर तूही तारीख पाळायची.

किल्ली घेताना खोलीखोलीची नोंद कर. कुठली टाइल फुटकी, कुठल्या दाराची कडी सैल, पंखे किती, मीटरचं रीडिंग काय, असं सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि फोटो काढायचे. जर्मनीत घर ताब्यात घेताना असा कागद करण्याचा रिवाजच आहे. आपल्याकडं लोकांना तो अविश्वास वाटतो. पण घर सोडताना डिपॉझिटवरून जी भांडणं होतात, ती या एका कागदानं टळतात.

राहिला वस्तीचा प्रश्न. ‘जालना सोने का पालना’ असं या गावाला म्हणत आले ते इथल्या बाजारपेठेमुळं. मोंढा, सरकी, बियाणं, मग लोखंडाच्या रोलिंग मिल. या प्रत्येक धंद्यानं माणसं आणली. मारवाडी आले, गुजराती आले, फाळणीनंतर सिंधी आले, आणि मिलमध्ये आज उत्तर प्रदेश-बिहारची पोरं भट्टीपुढं उभी आहेत. मुसलमान कारागीर आणि व्यापारी तर पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. तू ज्या बियाणं कंपनीत नोकरी करणार आहेस, तो धंदा या शहरात रुजला 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली तेव्हापासून. तेव्हा तुझा पगार ज्या मिसळीतून येतो, तिच्यात राहायला भ्यायचं कशाला?

गजबज आहे, हे खरं. पहाटे अजान होईल, गणपतीत ढोल वाजतील, रात्री मालाच्या गाड्या रिकाम्या होतील. तुला ते सोसेल का, हे रात्री अकरा वाजता तिथं तासभर थांबून बघ. दुपारच्या शांततेत घर बघून ठरवू नको. पण माणसांची भीती मनात ठेवून जाऊ नको. जिन्यात भेटेल त्याला आधी तू नमस्कार कर. पाणी येईल त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मोटर लावून बसू नको. अडीअडचणीला धावून येतो तो शेजारचा माणूस, परतूरहून आम्हाला पोचायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र मन घट्ट करून सांगतो. एजंट आडनाव विचारील, मग आडून ‘तुमच्यात काय चालतं?’ विचारील. जे आहे ते सरळ सांग. लपवून मिळवलेल्या घरात झोप लागत नाही. आणि तुझं आडनाव पटलं म्हणून घर मिळालं, पण तुझ्याच ऑफिसातल्या सहकाऱ्याला त्याच्या नावावरून तिथंच नकार आला, असं कळलं तर त्या मालकाला ‘हे बरोबर नाही’ असं तोंडावर सांगायचं. चांगला भाडेकरू बोलला तर मालक ऐकतो. हे मी बघितलेलं आहे.

तुझ्या आईची समजूत मी घालतो, ते माझ्यावर सोड. रविवारी सकाळच्या गाडीनं जालन्याला येतोय. तोवर टोकनचा एक रुपयाही देऊ नको. मालक कितीही घाई करो, गच्चीची किल्ली मात्र मागून ठेव.

तुझा,
मामा