कोरडा दिवस कसा पाळावा

डास मारायचा तर तो उडायला लागण्याआधी मारावा. अंड्यातून बाहेर आल्यापासून पंख फुटेपर्यंत तो साधारण आठवडाभर साचलेल्या पाण्यातच असतो आणि तिथून त्याला कुठे जाता येत नाही. अळ्या झालेलं एक पिंप उपडं केलं की शेकडो डास एका दमात संपतात. तेच डास घरात शिरले की कॉइल, रॅकेट, मलम सगळं करूनही रात्रभर हात झाडत बसावं लागतं. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं. ही सूचना भिंतीभिंतीवर रंगवलेली असते, पण त्या दिवशी काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे फारसं कोणी समजावून देत नाही. ते इथे देतो.

साहित्य

एक बॅटरी, एक पांढरी वाटी, नारळाची शेंडी किंवा खरखरीत घासणी, जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं कापड, सुतळी, नायलॉनची बारीक जाळी आणि खराटा. विकत आणावी लागेल ती फक्त जाळी.

कृती

सुरुवात डास ओळखण्यापासून करा, कारण प्रत्येकाचं पाणी वेगळं. दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि दिवस कलायच्या सुमारास घोट्याला, टेबलाखाली पायाला चावणारा, काळा आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. डेंगी आणि चिकुनगुन्या तोच पसरवतो. त्याला घरातलं स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. रात्री कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास क्युलेक्स. तो गटारात, सेप्टिक टँकमध्ये, सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो आणि हत्तीरोगाचा वाहक आहे. तिसरा अ‍ॅनाफिलिस, हिवतापाचा. भिंतीवर बसतो तेव्हा त्याचं बूड वर उचललेलं असतं आणि पंखांवर ठिपके असतात. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी हिवतापाचा परजीवी सापडला तो अशाच ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात. शहरांत अ‍ॅनाफिलिसची पैदास होते ती विहिरी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेलं पाणी इथे.

एडिस फार लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. तेव्हा दिवसा डास चावत असतील तर ते नगरपालिकेच्या नाल्यावरून आले असं धरून चालू नका. ते तुमच्या किंवा शेजारच्या आवारातच जन्मलेले असतात.

आता फेरी. बॅटरी आणि पांढरी वाटी घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पिंपावर उजेड टाका. सावली पडली की अळ्या वळवळत तळाशी जातात, म्हणून क्षणभर थांबा. श्वास घ्यायला त्या पुन्हा वर येतातच. मग कडेने हलकेच वाटी बुडवून पाणी घ्या. पांढऱ्या तळावर त्या स्पष्ट दिसतात. डोकं खाली आणि शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली, अशी तिरकी लटकते ती एडिस किंवा क्युलेक्सची अळी. पृष्ठभागालगत आडवी पसरलेली अ‍ॅनाफिलिसची. स्वल्पविरामासारखे वाकडे जीव दिसले तर ते कोष आहेत. त्यांना पंख फुटायला जेमतेम दोन दिवस उरलेले असतात. अशा वेळी कोरड्या दिवसाची वाट पाहायची नाही, ते पाणी तेव्हाच फेकायचं.

पिंपं, रांजण, हौद सगळे बघतात. सुटतात त्या बारीकसारीक जागा: फ्रीजच्या मागे खाली असलेला ट्रे, कुलरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा, मनीप्लांटची बाटली, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, फारसा न वापरला जाणारा संडास, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी, गच्चीवर टाकलेलं जुनं टायर. परसात करवंट्या, फुटके माठ, शहाळ्यांचा ढीग, पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हाळ. केळीच्या आणि अळूच्या देठांच्या बेचक्यांतही पाणी राहतं आणि तिथे एडिसचाच एक भाऊबंद वाढतो. पोफळीच्या बागेत झावळ्या गळून पडल्या की त्यांच्या रुंद देठाच्या पन्हळीत आठ दिवस पाणी राहतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात त्या उचलून कोरड्यात रचाव्यात किंवा पालथ्या घालाव्यात. टायर ठेवायचंच असेल तर भोकं पाडा.

सगळ्यात महत्त्वाचं काम घासण्याचं. तेच बहुतेक घरांत राहून जातं. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला एकेक चिकटवते. ही अंडी काळी आणि इतकी बारीक की मळाचे ठिपके वाटावेत. भांडं रिकामं केलं तरी ती भिंतीला तशीच राहतात. कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात. उन्हाळाभर कोपऱ्यात पडलेल्या कुलरमधून पहिल्या पावसानंतर डास निघतात ते यामुळे. म्हणून नुसतं ओतून पुन्हा भरलं तर अंड्यांना हवं तेच मिळतं. पाणी ओता, आणि गटारात न ओतता कोरड्या मातीवर किंवा झाडांच्या मुळाशी ओता, म्हणजे अळ्या तिथेच मरतील. मग शेंडीने आतली भिंत कडेपासून तळापर्यंत जोर लावून घासा. पाण्याची जुनी रेषा दिसते त्या पट्ट्यावर दोनदा हात फिरवा. साबण चालेल. धुतलेलं पाणीही मातीवरच टाका. नंतर भांडं पालथं घालून वाळवा, पण उन्हाने अंडी मरतील या भरवशावर घासणं टाळू नका.

इथे एक अडचण येते आणि ती खरी आहे. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत आणि शहरांत नळाला पाणी चार-सहा दिवसांनी, कधी आठवड्यानेही येतं. तिथल्या बाईला पिंप उपडं करा म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. अशा घरांनी कोरडा दिवस वाराशी न बांधता पाण्याच्या पाळीशी बांधावा. पाणी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तळाशी राहिलेलं पाणी बादलीत काढावं, पिंप घासावं आणि मग नवीन पाणी भरावं. दोन पिंपं असतील तर एक पुरतं संपवून मगच दुसरं उघडावं. भरल्याबरोबर तोंडावर दुहेरी सुती कापड ताणून सुतळीने करकचून बांधायचं. प्लास्टिकचं झाकण पुरत नाही. ते कडेला जरा वाकलेलं असतं आणि मादीला तेवढी फट भरपूर होते. कापड मध्ये झोळ पडून पाण्यात बुडणार नाही एवढं ताठ हवं. आरोग्य कर्मचारी किंवा आशाताई येऊन पाण्यात अ‍ॅबेट टाकतात, त्यांना नाही म्हणू नका. ते अळीनाशक ठरल्या मापाने टाकलं जातं, तुम्ही आपल्या अंदाजाने काही घालू नका.

जे रिकामं करताच येत नाही, म्हणजे विहीर, मोठा हौद, बागेतलं तळं, तिथे गप्पी मासे सोडा. हा मासा अंडी न घालता थेट पिल्लं देतो, त्यामुळे त्याची वीण आपोआप वाढते आणि अळ्या त्याच्या आवडीच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात चौकशी करा, अनेक ठिकाणी तो फुकट मिळतो. मात्र ओढ्यात, नदीत तो सोडू नये. तो परका मासा आहे, आपल्याकडच्या माशांची पिल्लंही खातो.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का ते पाहा आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधा. तशीच जाळी सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपलाही बांधा. दहा रुपयांच्या तुकड्याचं काम आहे आणि क्युलेक्सचा मोठा रस्ता त्याने बंद होतो.

मोरीचं आणि न्हाणीचं पाणी परसात मोकळं सोडलेलं असेल तर शोषखड्डा करा. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम, वर खडी, आणि पाणी पडतं तिथे तळाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाचा काथ्या. केस, शेवाळ, खरकटं काथ्यात अडकतं आणि पाणी जमिनीत मुरतं. काथ्या अधूनमधून बदलायचा, नाहीतर खड्डा तुंबतो. विहिरीला आणि हातपंपाला लागून मात्र खणू नका. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारं बंद झाली आणि डासमुक्त गाव म्हणून ते नावारूपाला आलं. एका घराने केलं तर त्या घराचा चिखल जातो. सगळ्या आळीने केलं तर डास जातात. शेजाऱ्याच्या पिंपात अळ्या दिसल्या तर संकोच न करता सांगा, जमलं तर सोबत उभं राहून घासू लागा.

एवढं झालं की मग जाळ्या आणि मच्छरदाण्या. खिडक्यांना जाळी बसवताना चौकटीच्या कडा बघा, डास मधून येत नाही, कडेने येतो. मच्छरदाणी गादीखाली खोचा. आणि दुपारी निजणाऱ्या तान्ह्या बाळाला, आजाऱ्याला, गरोदर बाईला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. डेंगीचा डास दिवसाचा आहे. पंख्याचा वारा उपयोगी पडतो, कारण डास दुबळा उडतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम लावू नये.

कॉइल बंद खोलीत लावू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. कडुलिंबाच्या पाल्याचा धूरही धूरच, दम्याच्या माणसाला तो सोसत नाही. दारात तुळस किंवा गवती चहा लावून डास थांबत नाहीत. आवाजाने डास पळवणारी यंत्रं घेऊ नका, पैसे वाया जातात. गाडी येऊन धुरळणी करून गेली की लोकांना हायसं वाटतं, पण तो धूर उडत्या डासांनाच मारतो. पिंपातल्या अळ्या तशाच असतात आणि दोन-चार दिवसांत नवे डास बाहेर पडतात.

इतकी काळजी घेऊनही ताप आला तर रक्त तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात हिवतापाची तपासणी मोफत होते. निदान होईपर्यंत पॅरासिटॅमॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नका, डेंगी असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगीत ताप उतरतो ते एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. त्या दिवसांत पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.